लूम बंद असतानाही डोकं दुखायचं

"गाठ आहे. मेनिन्जिओमा," इंदूरचे डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले. "मेंदूच्या आवरणातली. बहुधा बिनाइन, म्हणजे कॅन्सर नाही. पण डोळ्याच्या नसेवर दाब आहे. काढावी लागेल."

माझी बायको सुनंदा फिल्मकडे बघत होती. मान माझी खाली गेली.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, शनवारा दरवाजाजवळ. खाली पॉवरलूम, वर आम्ही. लूमवाल्यांच्या घरात डोकं सगळ्यांचंच दुखतं आणि कारण ठरलेलं असतं, खटखट. सुनंदा वर्षभर "अहो, डोकं फुटतंय" म्हणायची. मी म्हणायचो, "माहेरी केळीच्या बागा ना, शांततेची सवय लागलीय तुला." तिला सकाळी उठताच दुखायचं, कधी उलटी व्हायची. मी पित्त म्हणालो. वीज गेली, लूम थांबले की मी विचारायचो, "आता बरं वाटतंय ना?" ती हो म्हणायची.

मग तिला नीट दिसेना, ओतताना चहा कपाबाहेर सांडू लागला. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्याच्या मागच्या नसेवर सूज दिसली. त्यांनीच इंदूरला पाठवलं.

तिथेही मी लूमच्या खटखटीचंच कारण सांगितलं. "लूम बंद रहता है, तब?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"तब भी दुखता है," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "इनको नहीं बताया. खाली-पीली टेन्शन लेते."

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. मला एकच भीती होती, तिची नजर जाईल. डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. नसेला चिकटलेला छोटा तुकडा मात्र त्यांनी ठेवला. ओढला असता तर नजर गेली असती. बायोप्सीत, म्हणजे गाठीच्या तपासणीत, ती बिनाइनच निघाली. उरलेल्या तुकड्यासाठी दरवर्षी एमआरआय करायचा.

"राहू द्या," सुनंदा म्हणाली. "सासूबाईंनाही सांभाळलंच की."

डोकेदुखी बहुतेकदा साधीच असते. पण सकाळी वाढणारी, उलट्या आणणारी, नजर अंधुक करणारी असेल तर घरच्या घरी कारण ठरवू नका. मी ठरवलं होतं. ती बोलायच्या आधीच माझं उत्तर तयार असायचं. तिची नजर वाचली हे त्या डॉक्टरांचे उपकार, माझं त्यात काही नाही.

परवा ती म्हणाली, "आज डोकं जरा जड आहे."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"काही म्हणणार नाही का?" तिने विचारलं.

"तू सांग," मी म्हणालो.