मावशींचे चार दिवस

माझ्या औषधांच्या दुकानात गर्दी असली की मावशी काउंटरवर नुसता तळवा उपडा ठेवायच्या. बोलायचं काही नाही. मी समजायचो आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सरकवायचो.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या स्वयंपाकवाल्या. कोल्हापुरात कुणाची वास्तुशांत असो नाहीतर सत्यनारायण, नैवेद्याचं पुरण लोकांना त्यांच्याच हातचं लागायचं. "सोवळ्यातलं काम हाय दादा. त्या दिवसांत शिवून चालत न्हाय," म्हणायच्या. सणासुदीला तर महिना महिना गोळ्या चालू. अशी कितीतरी वर्षं गेली. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागितली नाही. कुणी म्हणजे मीच.

एकदा आल्या त्या उजव्या बरगडीखाली हात दाबून. "पित्ताचं कायतरी द्या की." या वेळी मात्र मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. सोनोग्राफीत यकृतावर लिंबाएवढी गाठ दिसली. पुढचे रिपोर्ट येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही, खोटं कशाला सांगू?

गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. पण बाईंनी बजावलं, हॉर्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की अशी गाठ होऊ शकते, आणि फुटली तर जिवावर बेतेल. गोळ्या आजपासून बंद.

"गोळी बंद म्हंजे कामं बी बंद की वो," मावशी म्हणाल्या.

"चूक माझी आहे, मावशी."

"तुमची कशी? गिळली मी न्हवं का!" आणि चक्क हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मावशींनी काय करावं? काम घेतानाच खणखणीत आवाजात सांगायला लागल्या, "त्या चार दिवसांत मी न्हाय!" दोन-तीन घरची कामं सुटली. बाकीच्यांनी मुकाट्यानं तारखा बदलल्या. पुरण तसं कोण करणार?

परवा आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचा मुहूर्त नेमका त्याच दिवसांत आला. मी म्हटलं, "आम्हाला शिवाशिव नाही. तशाच या की."

"व्हय, पर माझी कंबर दुखती, त्याचं काय? एवढ्या वर्षांत कधी आडवी पडली न्हाय. आता तरी झोपू द्या की!"

मी गुरुजींना फोन लावला आणि दुसरा मुहूर्त काढायला सांगितला. ते विचारत होते, अडचण काय? म्हटलं, "आमच्या मावशींची सुट्टी आहे."

गाठ आता आकसून सुपारीएवढी झालीय. मावशी दुकानाची पायरी चढत नाहीत. समोरून जाताना रिकामा तळवा उंच करतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "काय नगं, दादा!"