नसलेल्या निऱ्या

पाठीवर इंजिन बांधून उडायला शिकले तेव्हा मी तरुण होते, म्हणजे एकसष्ट वर्षांची. नातवंडांना वाटतं आजी पहिल्यापासूनच अशी शहाणी होती. म्हणून त्या एकसष्ट वर्षांच्या बावळट बाईची हकीकत लिहून ठेवते आहे.

बाई वलवणला राहायची. गणिताची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे तिला सगळं आधीच येत असायचं. कान्ह्याच्या पुढे एका माळावर पॅरामोटर शिकवतात असं तिच्या कानावर आलं. यात डोंगरावरून उडी मारायची नसते. कापडाचा मोठा पंख मागे जमिनीवर पसरायचा, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्यांना अडकवायच्या आणि पळत सुटायचं. पंख डोक्यावर आला की पाठीवरच्या इंजिनाचा पंखा जोरात फिरवायचा आणि तरीही पळत राहायचं, पाय सुटेपर्यंत. एवढंच. बाईंनी पहिल्या दिवशी दोनशे पानी वही नेली आणि प्रशिक्षकाला सांगितलं की हवेच्या दाबाचं तुमचं स्पष्टीकरण अर्धवट आहे.

प्रशिक्षक मावळातलाच, चाळिशी ओलांडलेला, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "असेल, काकू. आता पळून दाखवा."

पळण्याचीच तर घाई होती. माझा उजवा गुडघा पार झिजला होता आणि डॉक्टरांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो बदलायची तारीख दिली होती. नवा गुडघा बसला की चाला, जिने चढा, पण पळणं विसरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे उडायचं असेल तर ते फेब्रुवारीतच. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. प्रशिक्षकाला सांगितलं, पण "गुडघा जरा कुरकुरतो" इतकंच. त्याचा नियम एकच होता. मोटर न लावता पंख तीनदा लागोपाठ सरळ डोक्यावर आणून दाखवायचा, तोपर्यंत मोटरला हात लावायचा नाही.

माझा पंख सरळ येईना. मी पळायचे, तो मागून फुगून छान वर यायचा, आणि नेमका डोक्यावर आला की डावीकडे कलंडायचा. डावीकडे हरभऱ्याचं वावर होतं. पंख त्यात पडायचा, मागोमाग मी. पहिल्या दिवशी चारदा, दुसऱ्या दिवशी सहादा. माझ्याबरोबर शिकणारे दोघे आयटीतले चौथ्या दिवशी उडून, फोटो काढून घरी गेले.

प्रशिक्षकाने सगळं तपासलं. दोऱ्या मोजल्या, दुसरा पंख दिला, वाऱ्याची दिशा बघायला बांधलेली रिबीन हलवून दुसरीकडे लावली. मी वहीत आकृत्या काढल्या. बाईंचा निष्कर्ष असा होता की माळाला डावीकडे सूक्ष्म उतार आहे. दुसऱ्या दिवशी त्या घरून लेव्हल ट्यूब, म्हणजे गवंडी उतार बघायला वापरतात ती पाण्याची नळी, घेऊन आल्या. हे लिहिताना माझेच कान गरम होतात. यजमान गाडीत पेपर वाचत बसायचे. त्यांनी काच खाली करून विचारलं, प्लॉट घ्यायचा आहे का.

हरभरा ज्यांचा, त्या बाई माझ्याच वयाच्या. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून बांधावर बसायच्या आणि माझा पंख त्यांच्या झाडांवरून हलक्या हाताने सोडवून द्यायच्या. मी रोज माफी मागायचे, त्या रोज "ऱ्हाऊ द्या" म्हणायच्या. दहाव्या दिवशी मात्र त्या उठून प्रशिक्षकापाशी आल्या.

"भाऊ, बाई लय चांगल्या हायेत, पर माझ्याच वावरात का पडत्यात? पल्याड चुलत दिराचं वावर हाय, तितं एकदाबी न्हाई."

प्रशिक्षक म्हणाला, कारण सापडत नाही.

"मला गावलंय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, राग नगा धरू. पळताना तुमी डाव्या हातानं निऱ्या का उचलता?"

मी ट्रॅकपँटमध्ये होते. तसं मी त्यांना दाखवलंही.

"त्येच म्हंते मी. लुगडं न्हाई न् काय न्हाई, उचलताय काय?"

प्रशिक्षकाने मला पंख सोडून नुसतं पळायला लावलं आणि मोबाईलवर चित्रण केलं. त्यात एक पोक्त बाई हेल्मेट घालून जिवाच्या आकांताने पळत होती, आणि तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांनी मांडीशी नसलेल्या निऱ्यांची नाजूक चिमूट धरली होती. पंख लावून पळताना त्याच हातात डाव्या बाजूच्या ब्रेकची मूठ असते. मूठ खाली ओढली की पंख त्या बाजूला वळतो. मी दर वेळी स्वतःच्या हाताने स्वतःला हरभऱ्यात नेत होते. उतार वगैरे काही नव्हता.

यजमानांनी ते चित्रण सहा वेळा पाहिलं. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "अगं, सकाळी बस पकडायला तू अश्शीच पळायचीस."

त्यालाही इतिहास आहे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, बावीस वर्षांची असताना, बाईंनी खळ घातलेली कडक सुती साडी नेसून शाळेची घंटा होताच धाव घेतली होती. पाय निऱ्यांत अडकला आणि त्या अख्ख्या आठवीच्या रांगेपुढे आडव्या झाल्या. मुली हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. त्या दिवसापासून पाऊल उचललं की हात खाली, अशी पस्तीस वर्षं गेली. त्या बाईला वाटायचं, किती डौलदार पळते मी.

आता रोग कळला, पण औषध सापडेना. "हात वर, हात वर" असं प्रशिक्षक ओरडायचा, मी वर ठेवायचे, आणि पाचव्या पावलाला हात आपला आपण खाली. मी सुचवलं की ट्रॅकपँटवरून ओढणीचा कासोटा मारते, म्हणजे अंगाला पटेल की निऱ्या खोचलेल्या आहेत. प्रशिक्षक पहिल्यांदा माझ्यावर चिडला. फिरत्या पंख्याजवळ सुटं कापड म्हणजे काय ते त्याने असं काही समजावलं की मी वहीत लिहूनही घेतलं नाही.

हरभऱ्याच्या बाईंनीच उपाय काढला. घरून दोन तांबे काठोकाठ भरून ताक आणलं आणि माझ्या दोन्ही हातांत दिलं. "कानापाशी धरा न् पळा. सांडलं तर प्यायला मिळायचं न्हाई."

पहिल्या दिवशी डावा तांबा पूर्ण माझ्या अंगावर आला. गावातलं एक कुत्रं पायाशी घोटाळत माझी पँट चाटत राहिलं. उजव्या तांब्यातलं ताक शाबूत. तीन दिवस मी ताकाने न्हायले, गुडघा संध्याकाळी भोपळ्याएवढा व्हायचा आणि बर्फ लावताना मी यजमानांना सांगायचे की अजिबात दुखत नाही. चौथ्या दिवशी डाव्या तांब्यात निम्मं उरलं. सहाव्या दिवशी दोन्ही तांबे जवळजवळ भरलेले पोचले आणि आम्ही बांधावर बसून ते संपवलं. जिरं, कोथिंबीर आणि थोडी धूळ.

त्यानंतर पंख तीनदा लागोपाठ सरळ आला. ऑपरेशनला पाच दिवस होते.

मोटर पाठीवर चढली तेव्हा कळलं की ती चांगलीच जड आहे. सकाळची वेळ, समोरून बेताचा वारा. प्रशिक्षकाने कानातल्या रेडिओवर सांगितलं की वाकू नका, ताठ पळा, आणि पाय सुटले तरी पट्ट्यांच्या आसनात घाईने बसू नका. मी पळाले. पंख वर आला. डावा हात कानापाशीच होता. उजव्या हाताने इंजिनाचा वेग पूर्ण वाढवला आणि पाठीला कुणीतरी खांदा लावून ढकलावं तसं झालं. मी पळत राहिले. गुडघा दुखायचा एकदम थांबला, तरीही पळत राहिले.

रेडिओत आवाज आला, "काकू, आता पळणं थांबवा. खाली जमीन नाही."

तेव्हा खाली पाहिलं. हरभरा उजव्या-डाव्या कुठल्याच बाजूला नव्हता, पायाखाली वहीतल्या चौकटीएवढा होता. मग मला आठवेना की पुढे काय करायचं असतं. महिनाभर मी फक्त निघायला शिकले होते. प्रशिक्षक सांगेल तसं वळत एक मोठी फेरी मारली. इंद्रायणीचं पाणी चकाकत होतं, कान्ह्याहून सुटलेली लोकल मुंगळ्यासारखी कामशेतकडे चालली होती, आणि मी मोठ्याने काय बडबडत होते ते रेडिओवर सगळ्यांना ऐकू जात होतं. यजमान अजूनही ते पाहुण्यांना सांगतात. इथे लिहिण्यासारखं नाही.

उतरताना गुडघ्याने साथ सोडली आणि मी फतकल मारून बसले. पुढचे दोन दिवस सकाळपासून वारा सुटला. तिसऱ्या दिवशी मला जिनासुद्धा उतरता येईना. म्हणजे आयुष्यातलं उड्डाण एकच, दहा-बारा मिनिटांचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. महिन्याभरात इतका कसा बिघडला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जरा पळाले. यजमान खिडकीबाहेर बघायला लागले.

"या वयात, या गुडघ्याने? कुठे पळत होतात?"

"सरळ," मी म्हटलं.