पुरणपोळीला नाही म्हणायचं ठरवून लातूरला

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी सहाला नांदेड सोडलं. थंडी होती. लोहा, कंधार, अहमदपूर करत दुपारी लातूरला पोचलो. संध्याकाळी सासूबाईंकडे जेवण. मुक्काम तिथेच.

दिवसाची नोंद एवढीच. पण फिरतीची नोकरी करणाऱ्यांना आणि ज्यांना कामामुळे वेळेवर जेवता येत नाही त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी खत-बियाणांच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. बिलोली, भोकर, देगलूर हा माझा भाग. दुकानात गेलं की आधी चहा येतो, मग ऑर्डरचं बोलणं निघतं. चहा नको म्हटलं तर दुकानदाराला वाटतं, साहेबांच्या मनात काहीतरी आहे. त्यामुळे अनेक वर्षं मी प्रत्येक दुकानात साखरेचा चहा पीत आलो, आणि जेवण जिथे भूक लागेल तिथल्या ढाब्यावर.

माझी बायको वैशाली शाळेत शिक्षिका होती. सकाळची शाळा, उपाशीपोटी चहा-बिस्किट, जेवायला दुपारचे तीन. साखरेचा आजार तिला चाळिशीच्या आत लागला. गेल्या भाद्रपदात ती गेली. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. तिचे दिवस झाल्यावर डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला लावलं. साखर काठावर निघाली. आधी खाणं आणि चालणं सुधारून बघा, मग गोळ्यांचं ठरवू, असं ते म्हणाले. हे मी मुलीला फोनवर सांगितलं. सायली लातूरला आजीकडे राहून बारावी सायन्स करते. ती म्हणाली, "बाबा, मला तसला फोन परत यायला नको." आई गेल्याचा फोन तिला क्लासमध्ये असताना आला होता.

त्या दिवसापासून मी गोड बंद केलं. औषधासारखं पाळतो.

लातूरला जायचं कारण वेगळं होतं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की नातेवाईक दुखवटा काढतात. म्हणजे मागे राहिलेल्याला जेवायला बोलावतात, टॉवेल-टोपी करतात आणि गोडाचा घास भरवतात. त्यानंतर तो माणूस सणावाराला, लग्नकार्याला जायला मोकळा होतो. मी चार महिने टाळत होतो. संक्रांत झाल्यावर सासूबाईंचा फोन आला, "आता तरी या. पुरणाचं करते." मी येतो म्हणालो. पुरणाचं काय करायचं ते ठरलेलंच होतं. सांगायची हिंमत तेवढी फोनवर झाली नाही.

डबा पहाटे उठून केला. ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची कोरडी भाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, एक काकडी. माझ्या भाकऱ्या अजून गोल होत नाहीत, पण चवीला फरक पडत नाही. डबा सीटवर शेजारी ठेवावा. मागे डिकीत ठेवला तर तो काढण्यापेक्षा ढाबा जवळचा वाटतो. हा माझा अनुभव आहे.

नांदेड-लोहा रस्ता आता चांगला आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ऊस तेवढे सांभाळा, सकाळी धुक्यात मागचे दिवे दिसत नाहीत. लोह्यात चहाला थांबलो. टपरीवाल्याला बिनसाखरेचा सांगितला.

"बिनसाखरेचा? साहेब, मग गरम पाणीच देऊ का? पैसे बी वाचतील."

बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "दे रे त्याला. साखर महाग झाल्यापासून लई जणांना शुगर व्हायली."

सगळे हसले, मीही हसलो. त्याने चहा वेगळा करून दिला आणि दहाच रुपये घेतले. आता मला त्या चहाची सवय झाली आहे. पहिले पंधरा दिवस अवघड जातात, मग साखरेचा चहा घशाखाली जात नाही. दुकानदारांनाही मी हेच सांगितलं की चहा पिणार, फक्त साखर नको. चहा नाकारत नाही म्हटल्यावर कुणी मनाला लावून घेत नाही.

लोह्यातून सरळ अहमदपूरला न जाता कंधारला वळलो. थोडं लांब पडतं, पण किल्ला बघण्यासारखा आहे आणि मला चालायचं होतं. दिवसभर गाडी चालवायची असेल तेव्हा सकाळीच चालून घ्यावं, संध्याकाळवर ढकललं की होत नाही. किल्ल्याभोवती खंदक आहे, त्यात पाणी होतं, पाण्यावर बगळे. आत गवत वाढलेलं, बूट घालून जा. तटाच्या कडेने भरभर फिरलो, अंगातली थंडी गेली. मग एका पायरीवर बसून एक भाकरी खाल्ली. शेळ्या घेऊन आलेल्या एक मावशी थांबल्या.

"एकलेच आलाव?"

"हो."

"घरचे न्हाई आले?"

"नाही."

त्यांनी माझ्या डब्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "भाकर पातळ थापत जावा जरा."

अहमदपूरला पेरू घेतले, सायलीसाठी. तिथून चाकूर, मग लातूर. या पट्ट्यात ढाबे भरपूर आहेत. डबा नसेल तर डाळ-भाकरी आणि कांदा मागा, तर्री नको म्हणून आधीच सांगा. मिळतं सगळीकडे, मागावं लागतं एवढंच.

सायलीच्या क्लासबाहेर थांबलो. लातूरच्या त्या भागात सगळी मुलंच मुलं, पाठीवर दप्तर आणि हातात वडापाव. सायलीही दोन क्लासच्या मधल्या वेळात कपात पाणी ओतून नूडल्स खाते हे मला माहीत होतं. पेरू दिले आणि म्हणालो, "दप्तरात फुटाणे, शेंगदाणे ठेवत जा. पेरू ठेव. तासभर तरी भूक लागत नाही."

"बाबा, तुम्ही खत विकता ना? आहारतज्ज्ञ कधी झालात?"

"नुकताच."

तिने पेरू कपड्याला पुसून तिथेच खाल्ला. मग हळूच विचारलं, "आजीने पुरण शिजवलंय. तुम्ही काय करणार आहात?"

"नाही म्हणणार आहे."

"आजी रडेल."

"माहीत आहे."

संध्याकाळी ताटं मांडली. पाटाभोवती रांगोळी नव्हती, पण बाकी सगळं सणासारखं. पुरणपोळी, गुळवणी, तूप, कटाची आमटी, भात, वांग्याची भाजी. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांनी स्वतः पोळी वाढली आणि घास मोडून माझ्या तोंडापुढे धरला.

मी म्हणालो, "मामी, गोड नको. मी सोडलंय."

त्यांचा हात तसाच राहिला. "एक घास. एका घासानं काय व्हतंय?"

मेहुणा दत्ता म्हणाला, "दाजी, आईनं दुपारपासून चुलीपुढं बसून केलंय. अन् तुम्ही बायाच्यावानी डायटिंग करायलाव व्हय?"

मी म्हणालो, "एका घासाने काही होत नाही हे खरं आहे. पण मामी, मला अजून उदगीरला बोलावलंय, निलंग्याला बोलावलंय, माझ्या दोन्ही बहिणींकडे जायचंय. सगळीकडे एकच घास असणार आहे. इथे खाल्ला तर तिथे कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"आमचं आन् त्यांचं एकच हाय का? मी तिची आई हाय."

"म्हणूनच आधी इथे आलो."

मामींनी घास ताटात ठेवला. "मंग तुमचा दुखवटा निघायचा कसा?"

"नाही निघाला तरी चालेल," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नव्हतो. दत्ताने मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. सायलीने हात लांब करून माझ्या ताटातली पोळी उचलली आणि स्वतःच्या ताटात घेतली. मी भाजी, आमटी आणि थोडा भात खाल्ला. मामी मात्र जेवल्या नाहीत. पोट भरलंय म्हणाल्या आणि टॉवेल-टोपीचं ताट उचलून आत घेऊन गेल्या.

जावई ताटावरून गोड नाकारून उठला आणि सासू उपाशी राहिली. बाहेरगावच्या वाचकांना हे केवढं मोठं आहे ते कदाचित कळणार नाही. मी तेव्हा एकदा तरी विचार केला की घ्यावा एक घास आणि मोकळं व्हावं. मग सायलीकडे बघितलं. ती दोन पोळ्या संपवत होती, आणि तिला पुरण फारसं आवडत नाही.

रविवारी उजाडताच चालायला बाहेर पडलो. परत आलो तर मामी शाल गुंडाळून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "गाडी काढा. रानात जाऊ."

त्यांचं रान औशाच्या रस्त्याला आहे. मी, मामी आणि सायली गेलो. ज्वारी निसवून दाणे भरलेले, हुरड्यात आलेली. या दिवसांत लातूरला येणार असाल तर सकाळचं हॉटेल सोडा आणि कुणाच्या तरी रानात हुरडा खायला जा. ओळख नसेल तर रस्त्याकडेला पाट्या लावून हुरडा देणारेही आहेत, पण तिथे वर गुलाबजाम असतो, तो टाळा.

सालगड्याने खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या. मामींनी कणसं विस्तवात खुपसली. भाजल्यावर एकेक कणीस तळव्यावर घेऊन चोळायच्या, फुंकर मारून कोंडा उडवायच्या. हात भाजत असणार. हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकून म्हणाल्या, "ह्यात म्या काय बी घातलेलं न्हाई. रानातनं आलंय तसं हाय. खावा."

मी खाल्ला.

"गोड हाय का न्हाई?"

"गोड आहे."

"मंग झालं."

त्यांनी पिशवीतून टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली. काल आत नेलेलीच होती. मग विस्तवाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या लेकीला न्हाई म्हणता येत नव्हतं. माहेरी आली की मीच वाढायची. आगं खा गं, एका दिसानं काय व्हतंय. ती खायची." सायली उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी मामींच्या हातातलं कणीस घेतलं, चोळलं, फुंकर मारली आणि दाणे त्यांच्या हातात दिले. रात्रीपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी खाल्ले.

वाचकांसाठी सांगतो, हुरडाही मोजूनच खावा, त्यातही पिष्ट आहे. मी दोन मुठी खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, आणि दुपारी भाकरी घेतली नाही.

दुपारी निघताना दत्ता गाडीपाशी आला. "दाजी, म्या उदगीरच्या काकूला फोन लावून सांगितलंय, पाव्हण्याला गोड चालत न्हाई म्हणून."

"बरं केलंस."

"काय बरं केलंस! काकू म्हणाली, मग श्रीखंड करते."

सायली पहिल्यांदा मोठ्याने हसली. दप्तरात फुटाणे आहेत हे तिने मला चेन उघडून दाखवलं.

येताना कुठे वळलो नाही. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. टाकी शुक्रवारी भरली होती, जाऊन येऊन पुरली. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो.

दुखवटा निघाला का, हे मला सांगता येणार नाही. टॉवेल-टोपी मिळाली, घासही झाला, म्हणजे रीतीप्रमाणे निघाला. कुलूप काढून आत आलो तेव्हा तसं काही वाटलं नाही. पण उदगीरला काय सांगायचं ते आता ठरलं आहे, आणि निलंग्याला, आणि बहिणींकडेही. दर वेळी कुणी तरी दुखावेल. मामी सगळ्यात जवळच्या होत्या, तिथून सुरुवात झाली हे बरं झालं.

टॉवेल दोरीवर टाकला. सोमवारी भोकरची फेरी आहे, सकाळी लवकर. डबा घासला. मटकीचा डबा काढला आणि सवयीने माणशी एक अशा तीन मुठी पातेल्यात टाकल्या. दोन परत काढल्या. एक मूठ पाण्यात भिजत घातली आणि वर ताटली झाकली.