वरचं कवच साबुदाण्याचं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि आता तर तो राहिलाही नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा एवढा भाग गाळूनच बोलते — त्याला काय कळत नाही का? पण सवय पडली. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतंय.

गोष्ट पोटाची आहे. माझ्या सासूबाईंच्या पोटाची. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं, आम्ही बंगलोरला राजाजीनगरात राहत होतो. सासरे सोलापूरहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले ते इथलेच होऊन राहिले. ते गेल्यावर घरात आम्ही तिघंच — मी, माझे यजमान आणि आई. सासूबाईंना मी आईच म्हणायची. धाकटे दीर, नंदूभावजी, इंग्लंडला.

घरात संडास एक. माझी ऑफिसची बस पावणेसातला कोपऱ्यावर यायची आणि आईंचं पोट बरोबर सहाला उठायचं. एकदा, दोनदा, चारदा. बाहेर मी घड्याळाकडे बघत उभी, आतून आवाज — "स्वल्प थांब गं." हे वर्षानुवर्षं चाललं. डॉक्टर म्हणाले, आतड्याला काही झालेलं नाही, आतडं चिडकं आहे. मी मनात म्हटलं, माणसासारखंच.

पण त्यांचे हाल खरे होते, हे नाकारणार नाही. कळ आली की त्या दोन्ही हातांनी पोट दाबून ओट्याशी वाकायच्या. लग्नाकार्याला जाणं सुटलं. एका मुंजीत कार्यालयातच लुगडं खराब झालं, तेव्हा तोंडात पदर कोंबून रडल्या. ते लुगडं मी धुतलं. दया आली होती का? आली होती. तरी धुताना मी कुणाच्या तरी नशिबावर चरफडत होते, आणि ते नशीब त्यांचं नव्हतं.

पेपरमिंटच्या तेलानं अशा पोटाला आराम पडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही बाजारातून बाटली आणली, कोमट पाण्यात थेंब घालून दिले, तर पोटाऐवजी छातीच जळायला लागली. नंदूभावजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, इकडे त्याच्या कॅप्सूल मिळतात, पोटात न फुटता पुढे आतड्यात जाऊन फुटतात. महिन्याभरात बंगलोरला येणाऱ्या एका मित्राबरोबर त्यांनी चार बाटल्या पाठवल्या.

आईंनी बाटली हातात घेतली, एक कॅप्सूल उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "हे वरचं कशाचं गं?"

मी म्हणाले, "साबुदाण्याचं."

मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात भावजींचं पत्र आलं होतं, माझ्या नावानं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं — वहिनी, वरचं कवच जिलेटिनचं आहे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. आईला आधी सांगा. ती नको म्हणाली तर राहू द्या, दुसरं काही शोधू. पत्र मी दोनदा वाचलं आणि बंबात घातलं.

का? बस चुकते म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांना बरं वाटावं म्हणून, असंही. दोन्ही खोटं नाही. पण एवढंच असतं तर मी हे सांगायला बसले असते का?

आईंचं सोवळं कडक होतं. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसते, तिथे अंडी शिजतात, म्हणून घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाय टाकायची बंदी. पहिल्या वर्षी एका मैत्रिणीनं कौतुकानं माझ्या डब्यात आमलेटचा तुकडा वाढला. ते मीच भाबडेपणानं घरी बोलून गेले. दुसऱ्या दिवशी तो डबा मोलकरणीकडे गेला. माझ्या आईनं लग्नात दिलेला, नाव घालून. नवी सून काय बोलणार? पण मी तो विसरले नाही.

तेव्हा ऐका. रोज सकाळी आई नाश्त्याआधी अर्धा तास ती कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर गिळायच्या, आणि मी मुद्दाम दारात उभी राहून बघायची. ती गळ्याखाली उतरली की मला आतून गार वाटायचं. साबुदाण्याची म्हणून त्या एकादशीलाही घ्यायच्या. घेऊ नका म्हणायला काही तरी निमित्त मला सापडलं नसतं का? एकादशीला तर मी स्वतः पाणी नेऊन द्यायची. सोवळ्याच्या बाईला मी हाडं चारतेय, याचं मला सुख होत होतं. दुसरा शब्द शोधून पाहिला, पण शब्द तोच आहे — सुख.

आणि त्यांना गुण आला! महिन्याभरात पोट शांत. आई मल्लेश्वरमला देवळात जायला लागल्या, हळदीकुंकवाला बसायला लागल्या, चारचौघींत नंदूचं कौतुक करायच्या. तब्येतीनं भरल्या. एक वर्ष असं गेलं.

मग शेजारच्या अक्कांची मुलगी आली. ती फार्मसी शिकत होती. बाटली वाचून तिनं आईंना अगदी सहज सांगितलं, की अज्जी, हे कवच हाडांपासून करतात. तिचं काही चुकलं नाही.

आई मोरीत गेल्या आणि घशात बोटं घालून ओकत राहिल्या. वर्षभराचं ओकून निघतं का? मी पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यांनी वळून विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तेव्हा तरी सांगायचं. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं, फार तर. मी म्हणाले, "नंदूभावजींनीच साबुदाण्याचं म्हणून सांगितलं होतं."

त्यांनी विश्वास ठेवला. इतकी वर्षं त्यांचं सगळं करणारी मी, आणि तो परदेशात काय वाटेल ते खाणारा. त्या दिवसापासून त्यांनी देवांना हात लावला नाही. पंचगव्य घेतलं, उपास केले, तरी हे तोंड देवापुढे कसं नेऊ, एवढंच म्हणत राहिल्या. कॅप्सूल बंद झाल्या आणि कळा परतल्या. दर रविवारी नंदूभावजींचा फोन आला की त्या उठून मागच्या अंगणात जायच्या. त्यांची पत्रं न फोडता ठेवून द्यायच्या. मी भावजींना सांगितलं की कॅप्सूलच्या कवचावरून आई रागावल्यात, काही दिवस विषय काढू नका, मी समजावते.

पुढच्या वर्षी ते आले. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, माझं पत्र मिळालं होतं ना?"

मी म्हणाले, "कुठलं पत्र?"

त्यांचा चेहरा उतरला. टपालात गहाळ झालं असेल, चिठ्ठी बाटलीबरोबरच ठेवायला हवी होती, असं पुटपुटत ते खोलीत गेले. आईंच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "आई, चुकलं. माझ्यामुळेच झालं." आईंनी ती कबुली समजली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दारातच होते. एक वाक्य पुरलं असतं. दहा दिवस ते राहिले, दहा दिवस आई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर पावसाळ्यात आई गेल्या. खाणं इतकं कमी झालं होतं की साध्या तापानंच नेलं. शेवटी भावजी जवळ नव्हते, दिवसांना पोचले. तेराव्याची पानं उठल्यावर ते माझ्यासमोर आले, पाया पडले आणि लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "तुम्ही तिची इतकी सेवा केलीत, आणि मी तिचा धर्म बुडवला. ती तर बोलली नाही. तुम्ही तरी मला माफ कराल का, वहिनी?"

मी त्यांना उठवलं, पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाले, "केलं."