दही लावणारा रेडिओ

आमच्या घरात दही रेडिओ लावायचा.

ही गोष्ट मला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. माहिती होती ती आईला आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या अक्काला. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की रेडिओ फक्त गाणी लावतो. मी तेव्हा पोस्टाने रेडिओ-दुरुस्तीचा कोर्स करत होतो, म्हणजे घरातला एकमेव तज्ज्ञ मीच!

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रेडिओ होता व्हॉल्व्हचा. लाकडी खोकं, आत काचेचे पाच दिवे, बटण फिरवलं की दिवे तापेपर्यंत आवाजाची वाट बघत बसायचं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं, जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं, आणि आम्ही सोलापुरात अजून काच तापवत बसलो होतो. मला याची भयंकर लाज वाटे.

अशात अक्काला स्थळ आलं. आधीची तीन मोडली होती, त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागलेला. अक्कलकोटचे तात्या, मुलाचे वडील, रविवारी बघायला येणार होते. मध्यस्थाने त्यांना सांगून ठेवलं होतं, "पोरगी असं दही लावती, गाडगं उलटं केलं तरी पडत न्हाय." आणि तात्या म्हणजे दही-भाकरीवर जगणारा माणूस!

पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून मी शुक्रवारी दुपारी रेडिओ उघडला. पाचही व्हॉल्व्ह उपटले, नवी पेठेतल्या करीमभाईंच्या दुकानात दिले, बदल्यात ट्रान्झिस्टर आणले आणि जुन्या खोक्यात बसवले. बटण फिरवताच गाणं! एका क्षणाचीही वाट बघणं नाही. आबांनी पाठ थोपटली. मी तर हवेतच होतो.

शनिवारी सकाळी गाडग्यात दूध होतं. काल लावलं होतं तसंच, पातळ.

"असं कसं झालं?" अक्का रडवेली झाली. "थंडीत मी रोज रात्री आवाज बंद करून गाडगं चालू रेडिओवरच ठेवते की."

आईने रेडिओवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. "हा गार का हाय रे?"

"आई, ट्रान्झिस्टर तापतच नाही. तीच तर त्याची गंमत आहे."

"गंमत? अरे, त्या दिव्यांच्या उबेवर दही लागायचं आपलं. तू ऊबच काढून टाकलीस की! आता उद्या पाहुण्यांच्या ताटात काय वाढू, तुजा कोर्स?"

मी सायकल हाणत करीमभाईंकडे गेलो.

"व्हॉल्व्ह? ते तर कालच लाऊडस्पीकरवाला घेऊन गेला. लई खूश झाला."

"नवे द्या मग."

"पुण्याहून मागवावे लागतील. आठ दिवस."

"पण व्हॉल्व्हचा जमाना संपला ना, करीमभाई?"

"कुणी सांगितलं? घराघरात जुने सेट हायत, थेटरात हायत. एक जळला की लोक दुसरा मागतेत. मागतेत तवर कारखाना बनवतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुज्या कोर्सात गिऱ्हाइकाचा धडा न्हाय का रे?"

नव्हता. पण मला युक्ती सुचली, आणि काय युक्ती! ऊबच हवी ना? मी खोक्यात शंभराचा बल्ब बसवला. संध्याकाळी गाडगं वर ठेवलं. रविवारी सकाळी दही असं लागलं होतं की आईने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी खुशीत बल्ब तसाच चालू ठेवला.

तात्या आले. भाकरी कुस्करली, दही चाखलं, मान डोलावली. मग सगळ्यांसमोर त्यांनी गाडगं उचललं आणि उलटं केलं. अक्काने डोळे मिटले. दही हललंसुद्धा नाही! आबा चक्क टाळ्या वाजवू लागले.

"वा," तात्या म्हणाले. "आता जरा बातम्या लावा की."

मी ऐटीत बटण फिरवलं. रेडिओ आधी घोगरा बोलला, मग किंचाळला, मग मागून धूर आला. (ट्रान्झिस्टरला उष्णता सोसत नाही, हे कोर्सच्या सातव्या धड्यात होतं. मी सहाव्यावर होतो.)

तात्यांनी मागची फळी काढली. आत शंभराचा बल्ब ढणाढणा जळत होता. "हे काय?"

अक्काच पुढे झाली. "खरं सांगते. दही मी एकटी लावत नव्हते, रेडिओच्या उबेवर लागायचं. भावानं परवा त्याचे व्हॉल्व्ह काढले. मग हा दिवा लावला. आणि आता रेडिओही गेला."

आईने कपाळाला हात लावला. चौथं स्थळ मीच जाळलं होतं.

तात्या मात्र पोट धरून हसायला लागले. "अहो, आमच्या घरी तरी दुसरं काय? आमची मंडळी मला रात्री बातम्या संपल्या तरी रेडिओ बंद करू देत न्हाईत. पोरगी खरं बोलती. पसंत हाय आमाला."

पुढच्या आठवड्यात लग्नाची यादी करायला सगळे बसले. कुणी काय करायचं ते कागदावर लिहून दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या, अशी आमच्याकडची रीत. तात्या म्हणाले, "देणंघेणं काय नको. एकच कलम लिवा. मुलीच्या भावानं आमच्या घरातल्या रेडिओला हात लावायचा न्हाय."

पहिली सही आबांनी केली, आणि साक्षीदार म्हणून सही करायला करीमभाई खास दुकान बंद करून आले होते.