डाळ शिजणारं पाणी

धुरपताबाई चौथीपर्यंत शिकल्या आणि सध्या लातुरातल्या दोनशे चाळीस भावी डॉक्टरणींचं वरण त्यांच्या हाती आहे.

मुरुडजवळच्या त्यांच्या गावात बायकांच्या गटानं छोटी डाळगिरणी घातली. त्याआधी गावची तूर आडतीवर जायची, तिथून परराज्यात जायची, तिथं घासूनपुसून गोरी व्हायची आणि पाकिटात बसून गावच्याच दुकानात परत यायची. एवढा प्रवास गावातल्या एकाही माणसानं केलेला नव्हता. धुरपताबाईंचं म्हणणं साधं होतं : लातूर तासाभरावर, तिथं शिकवणीला आलेली पोरं हजारांनी जेवतात, मग तुरीनं एवढा वळसा कशाला घालायचा?

मुलींच्या एका वसतिगृहाच्या मालकीणबाईंनी डाळ घेऊन बघायचं कबूल केलं. धुरपताबाईंनी अट घातली, डाळीत खायचा सोडा टाकायचा नाही. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला अट घालायची बाजारात पद्धत नाही. पण धुरपताबाई बाजारात वाढलेल्या नव्हत्या. तिथला आचारी गुरुबसप्पा उदगीरकडचा. त्यानं तीस वर्षांत कुणाचं ऐकलं नव्हतं. हे मात्र ऐकलं, आणि घोळ झाला.

पहिल्याच दिवशी गुरुबसप्पाचा फोन आला.

"अव्वा, डाळ दिलाव का गारगोट्या? सातला चढवली, आता दहा वाजले. साडेदहाला पोरी ताट घेऊन बसतेत!"

धुरपताबाई मिळेल त्या गाडीनं लातूरला पोचल्या. पातेल्यात डाळ अखंड होती. नुसती पोहत होती. मुलींनी लोणच्याशी भात खाल्ला होता. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "उद्याचा एक दिवस बघते. नाही जमलं तर जुन्या व्यापाऱ्याला सांगते." गावात एकतीस घरांची तूर गिरणीत येऊन पडली होती, आणि ती या एका पातेल्याच्या भरवशावर.

"चिमूटभर सोडा टाकू द्या, मिटलं भांडण," गुरुबसप्पा म्हणाला.

"सोड्यानं डाळ शिजत न्हाई अप्पा, विरघळती. चव जाती."

"चव? त्यांच्या परीक्षेत चवीला मार्क न्हाईत, अव्वा."

धुरपताबाई मोरीवर हात धुवायला गेल्या. साबण घासला. पुन्हा घासला. फेस येईना.

"अप्पा, हे पाणी कुठलं?"

"बोअरचं. सातशे फूट."

"आन् डाळ याच्यातच शिजवलाव?"

"मग काय दुधात शिजवू?"

धुरपताबाईंच्या गावात नव्या सुनेला दुसऱ्याच दिवशी सांगतात : डाळीला पाणी देवळामागच्या विहिरीचं. मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात डाळ उकळते, शिजत नाही. ज्या पाण्यात साबणाला फेस येतो, त्याच पाण्यात डाळ मऊ होते. ही गोष्ट गावाला इतकी ठाऊक, की ती लातूरला सांगावी लागेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोडा सगळं झाकून घेत होता, आणि तो तर धुरपताबाईंनीच बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी सहाच्या एसटीत त्या देवळामागच्या विहिरीच्या पाण्याच्या दोन कॅन घेऊन चढल्या.

"मावशी, तेल हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"पाणी."

"लातूरला पाणी? ते रेल्वेनं आणायचे दिवस गेले की!"

"माणसांला न्हाई रं. डाळीला."

याला कोणतं तिकीट लावावं, याचा कंडक्टरनं पुढच्या थांब्यापर्यंत विचार केला आणि विषय सोडून दिला.

डाळ अर्धा तास भिजली. गुरुबसप्पा पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखा हाताची घडी घालून उभा. पावणेदहाला झाकण निघालं. त्यानं एक दाणा बोटात धरला. दाणा उरलाच नाही. दुसरा धरला, तोही गेला. मग पळीभर वरण फुंकून प्यायला आणि अपराध झाल्यासारखा भिंतीकडे बघत राहिला.

"बरं हाय," तो म्हणाला. "पण रोज कॅन आणणार का?"

धुरपताबाईंनी जेवणाच्या खोलीतलं पाण्याचं मशीन दाखवलं. त्या पाण्यात साबणाला फेस येतो, हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. "पोरी पितेत ते घाला."

"डाळीला फिल्टरचं पाणी? उद्या म्हशीला चष्मा लावा म्हणताल!"

एवढ्यात मुली आल्या. पुनम नावाची एक मुलगी एका हातात वही धरून जेवायची. कोणती भाजी आहे हे तिला वर्षभर कधी कळलं नव्हतं. तिनं वही मिटली. मग वाटी घेऊन तिसऱ्यांदा पातेल्याशी आली.

"काका, आज स्वयंपाकी बदलला का?"

"स्वयंपाकी तोच हाय!" गुरुबसप्पा कडाडला. "पाणी बदललं. मीच ओळखलं ते."

धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. पातेलं खरवडायचा आवाज येऊ लागला, तेव्हा मालकीणबाईंनी वर्षभराची तूरडाळ पक्की केली. मशीनचं पाणी डाळीला मंजूर झालं.

"हरभऱ्याची डाळ पण द्याल का, मावशी?" त्यांनी विचारलं.

"देऊ की. पण ती लई वेळ भिजवावी लागती. आत्ताच सांगायलेय."

"आली, अट आली," गुरुबसप्पा म्हणाला, आणि उरलेलं शेवटचं वरण स्वतःच्या ताटात ओतून घेतलं.