हरळीचं घर

आमच्या ह्यांनी जाफराबाद तालुक्यात सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. थंड देशांतली घरं हा त्यांचा लाडका धडा. समुद्र ओलांडून जे लोक उजाड बेटांवर वस्तीला गेले, त्यांच्याकडे ना धड लाकूड, ना विटा. मग त्यांनी गवताळ जमीनच मुळांसकट कापली, तिचे ठोकळे रचून भिंती केल्या, छपरावरही तीच हिरवळ पांघरली आणि बर्फात उबदार राहिले. हे सांगताना ह्यांना तास संपल्याची घंटाही ऐकू यायची नाही म्हणे. स्वतः ह्यांनी बर्फ पाहिला तो रसवंतीत.

निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात. ह्यांनी शेतात तसलं घर बांधायचं ठरवलं.

"अहो, त्यांच्याकडे काहीच नव्हतं म्हणून त्यांनी तसं बांधलं," मी म्हटलं. "आपल्याकडे काय नाही?"

"विचार नाही," हे म्हणाले. "जी भिंत थंडी आत येऊ देत नाही, ती ऊनही येऊ देणार नाही. साधं शास्त्र आहे."

साधं शास्त्र निघालं की मी स्वयंपाकघर गाठते. ह्यांनी मुळं घट्ट धरणारं गवत म्हणून हरळी निवडली. शेजारच्या शेतकऱ्याकडे मागायला गेले, तर त्याला आधी चेष्टाच वाटली.

"हरळी पाह्यजे, सर? न्या ना मंग, मुळासकट न्या! माझा बाप हरळी उपटता उपटता गेला. आधी का न्हाई भेटले तुम्ही?"

दोन मजूर लावून फावड्यानं हातभर लांबीचे ठोकळे कापले. गवत खाली, मुळं वर, सांधे विटांसारखे चुकवत दोन हात जाडीच्या भिंती उठल्या. वर बाभळीचे वासे, वाशांवर ताडपत्री, ताडपत्रीवर हरळी. ह्यांच्या पुस्तकात ताडपत्रीच्या जागी झाडाची साल होती. एवढी तडजोड करावी लागली म्हणून हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. एक गवंडी येऊन बघून गेला.

"सर, काळी माती हाय ही. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. हिच्यात खुंटा बराबर राहत न्हाई, घर काय राहील?"

ह्यांनी त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं. गवंड्यानं चित्राला हात जोडले आणि गेला.

उन्हाळ्यात भिंतींना पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या. हे रोज सकाळी त्या चिखलानं बुजवायचे. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पण शेतातल्या छपराला रोज. छप्पर बांधाला टेकलेलं, त्यामुळे शेजाऱ्याच्या शेळ्या चालत चालत वर जायच्या आणि हे खालून त्यांना वर्गातल्या आवाजात दम भरायचे. मग एक पत्रकार आला, 'पर्यावरणपूरक' असं छापून गेला. त्यावर सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. पाहुणे घर बघायला आत गेले आणि लगेच बाहेर आले, कारण कालच कोपऱ्यात विंचू निघाल्याचं ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

श्रावणात पावसाची झड लागली, तरी हे शेतातच मुक्कामाला. छपरातून हरळीची मुळं आत दाढीसारखी लोंबायला लागली, तर हे फोनवर म्हणाले, "बघ, घर जिवंत आहे." तिसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्याचा फोन आला.

"वैनी, सरची भिंत गेली. सर बरे हायेत, पण जल्दी या."

शेतावरून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या जीपमध्ये मी बसले. वाटभर एकेक टोमणा घासून ठेवत होते, कारण हात रिकामा ठेवला असता तर रडू आलं असतं. फाट्यावर उतरून चिखल तुडवत पोचले. हे शेळ्यांच्या पत्र्याखाली, खांद्यावर पोतं घेऊन बसले होते. भिंत फुगली म्हणून टेकू द्यायला वासा आणायला बाहेर पडले, आणि मागे सगळं घर बसलं.

"त्यांच्याकडची माती वेगळी असणार," हे म्हणाले.

सगळे टोमणे तयार होते. पण ह्यांच्या हातातला चहा पायावर सांडत होता आणि ह्यांना कळतही नव्हतं. मी कप धरला. "घरी चला," एवढंच म्हटलं.

पुढच्या महिन्यात त्या ढिगाऱ्यातून हरळी तरारून उठली आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये शिरली. तो येऊन म्हणाला, "सर, मी फुकट देल्ती, तुम्ही वाढवून परत देऊन राह्यले व्हय?" हिवाळाभर आम्ही दोघं खुरपी घेऊन त्याच्या रानात बसलो. हे एक अक्षर बोलले नाहीत; मी मात्र दोघांचं बोलून घेतलं.

एक गोष्ट तेवढी बोलले नाही. घर उभं होतं तेव्हा, मे महिन्यात, मी एकदा ह्यांचा डबा घेऊन शेतात गेले होते. हे कुठे बाहेर गेलेले. आमचं स्लॅबचं घर तेव्हा तव्यासारखं तापायचं, रात्रंदिवस डोळा लागत नसे. वाट बघत त्या मातीच्या घरात टेकले ती दोन तास गाढ झोपले, विंचवाची आठवणसुद्धा झाली नाही. हे आले, त्यांनी मला हलवून उठवलं आणि उमेदीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"डास फार आहेत," मी म्हटलं.

अजून तेच सांगते. खरं सांगितलं तर हे दुसरं बांधायला घेतील.